दरवर्षी त्याच पट्ट्यात पीक का बसतं? सोलापूरच्या रानात पेरणीआधी काय तपासायचं

जानेवारी लागला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. ज्वारी चांगली वाढली, निसवली म्हणजे कणसं बाहेर पडली, आणि ऐन दाणा भरायच्या वेळी वरच्या अंगाचा पट्टा वाळला. खालचं रान हिरवंगार. बियाणं एकच, पेरणी एका दिवसाची, खत सारखंच. मागल्या वर्षी बियाणं बदलून झालं, त्याच्या आदल्या वर्षी खत वाढवून झालं, फवारणीही झाली. पट्टा काही बदलत नाही.

"पट्टा तोच" ही यातली सगळ्यात कामाची माहिती आहे आणि बहुतेक जण ती शेवटी सांगतात. कीड, रोग, बोगस बियाणं यांना तुमच्या रानातली हद्द ठाऊक नसते. दरवर्षी ठरावीक जागी होणारं नुकसान बहुतेक वेळा मातीतून येतं. आणि माती पिकाप्रमाणे बदलत नसल्यामुळे पीकच मातीप्रमाणे बदलावं लागतं. एका गटात चार एकर असले म्हणून चार एकर सारखे नसतात. सातबाऱ्यावर ते एकत्र आहेत, एवढंच.

आधी पीक कधी मान टाकतं ते बघा

उगवून तीन-चार आठवड्यांत शेंड्याची पानं पिवळी पडत असतील तर संशय चुनखडीवर घ्या. सप्टेंबरच्या मोठ्या पावसानंतर आठ दिवसांत झाडं मलूल होत असतील तर पाणी तुंबतंय. उगवणच विरळ होते आणि उन्हाळ्यात त्याच जागेवर पांढरं फुटतं, तर क्षार. आणि फुलोऱ्यापर्यंत सगळं नीट होतं, नंतर वाळलं, तर मातीची खोली कमी आहे. कॅनॉलखालचा भाग सोडला तर आपल्या जिल्ह्यात हे शेवटचं कारणच सगळ्यात जास्त भेटतं. त्यामुळे त्यावर सविस्तर लिहितो, बाकीचं त्यामानानं थोडक्यात.

खोली: एक फूट माती किती दिवस पुरते?

सोलापूर रब्बीचा जिल्हा. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरचा. उत्तरा-हत्ती नक्षत्रांचा पाऊस रानात मुरायचा आणि त्या ओलीवर ज्वारी, हरभरा, करडई काढायची, ही इथली रीत. पेरल्यावर वरून आणखी काही मिळेल असं धरून चालता येत नाही. म्हणजे जमीन हीच साठवणीची टाकी, आणि टाकी केवढी ते मातीच्या खोलीवर ठरतं.

हिशेब ढोबळ आहे, पण कामाचा आहे. काळ्या मातीचा एक फूट थर पिकाला ओढून घेता येईल असं साधारण ५० मिमी पाणी धरतो. निसवणीच्या सुमाराला ज्वारी दिवसाला ३ ते ४ मिमी पाणी घेते. म्हणजे एक फूट मातीवर जेमतेम पंधरवडा निघतो, तीन फुटांवर दीड महिना. वरच्या अंगाला मुरूम एका विताखाली आणि खालच्या अंगाला कमरेइतकी माती असेल तर दोन्हीकडं १२० दिवसांचं एकच वाण पेरून सारखं उत्पन्न येणार कुठून? उताराच्या रानात वरची माती वर्षानुवर्षं वाहून खाली साठलेली असते, त्यामुळं ही तफावत एका बांधाच्या आतसुद्धा सापडते.

खोली मोजायला यंत्र लागत नाही. पाऊस पडून रान वाफशावर (चिखलही नाही, कोरडंही नाही) असताना पहार घेऊन वरच्या अंगाला, मध्ये आणि खालच्या अंगाला अशा तीन ठिकाणी खड्डा घ्या. पीक बसतं त्या पट्ट्यात एक जास्तीचा. वरचा थर भुसभुशीत काळा लागतो, त्याखाली ढेकळं घट्ट होतात, मग पांढरे चुनखडीचे खडे दिसायला लागतात आणि एकदम पहारीचा आवाज बदलतो. तिथं पिवळसर मुरूम. काळ्या मातीच्या वरच्या कडेपासून मुरमापर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवा. खड्ड्याच्या कडेला मागच्या पिकाची मुळं शिल्लक असतील तर तीही बघा. मुरमाला टेकून मुळं आडवी वळलेली दिसली तर वेगळा पुरावा नको.

उभ्या पिकातही खूण मिळते. वाळलेल्या पट्ट्यातलं ताट जमिनीजवळ मोडून उभं चिरा. आतला गाभा कुजून नुसते धागे उरलेत आणि त्यांना काळी भुकटी लागल्यासारखे बारीक ठिपके आहेत, तर तो खडखड्या, बुरशीचा रोग. ही बुरशी मातीत असतेच. दाणे भरताना पिकाला पाण्याचा ताण पडला की ती खोडात घुसते आणि ताटं वाऱ्यानं आडवी होतात. इथं लोक बुरशीनाशक शोधत फिरतात. पण त्या अवस्थेत वरून मारून काही हाती लागत नाही, आणि ताणाचं मूळ कारण खोली असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच होणार.

खोली कळली की वाण निवडणं सोपं होतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारसच खोलीनुसार केली आहे. माती ३० सेंटिमीटरपर्यंत असेल तर फुले अनुराधा, फुले माउली. ६० सेंटिमीटरपर्यंत फुले सुचित्रा, फुले चित्रा आणि आपली मालदांडी ३५-१. त्याहून खोल, भारी रानात फुले वसुधा, फुले यशोदा. पाणी देण्याची सोय असेल तर फुले रेवती. अनुराधा १०५ ते ११० दिवसांत निघते, यशोदा आणि मालदांडीला १२० किंवा त्याहून थोडे जास्त दिवस लागतात. हलक्या रानात हे दहा-पंधरा दिवसच सगळा खेळ ठरवतात, ओल संपायच्या आत दाणा भरला पाहिजे.

मालदांडीवर आपला जीव आहे हे मला मान्य आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं वाण, भाकरीला तोड नाही, कडबा जनावरं चवीनं खातात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण मंगळवेढ्याची ती काळी, खोल, भेगाळणारी जमीन आहे म्हणून ते जमतं. वीतभर मातीच्या माळावर मालदांडी पेरून तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

वाण बदलल्यावरही ओल धरायची कामं टाळू नका. ऑगस्टमध्ये उताराला आडवे छोटे वाफे बांधले तर हत्तीचा पाऊस ओढ्याला न जाता रानात मुरतो. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये, हलक्या रानात आधी. कोळपण्या (पिकाच्या ओळींमधली माती हलवणं) तीन: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या पासाचं कोळपं, पाचव्या आठवड्यात अखंड पासाचं, आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं, कारण तोवर भेगा पडायला लागतात आणि त्या बुजवायच्या असतात. "एक कोळपणी, अर्धं पाणी" हे आजोबांच्या तोंडी असायचं. हल्ली तणनाशक मारून कोळपणी वाचवली जाते आणि भेगा तशाच राहतात.

दोन पिकं की एक

मूग-उडीद ६५-७५ दिवसांत निघतो, मग त्याच रानात ज्वारी का नको, असं विचारलं जातं. दोन फुटांच्या वर माती असेल आणि पाऊस वेळेवर असेल तर जरूर करा, मुगाचा बेवड (आधीच्या पिकाचा मातीवर राहणारा परिणाम) ज्वारीला चांगला. पण दीड फूट किंवा त्याहून कमी माती असेल तर मुगानं ओढलेलं पाणी पुन्हा भरून येईलच असं नाही. माझं मत स्पष्ट आहे: अशा रानात एकच हंगाम धरावा. मध्यम असेल तर खरीप मोकळा ठेवून, पाळ्या घालून (कुळवून) रब्बी. अगदी हलकं, मुरमाड असेल तर रब्बीचा नाद सोडून खरिपातच बाजरी, मटकी, हुलगा. मध्यम रानात खरीपच धरायचा असेल तर बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक ओळ हा मेळ चांगला बसतो.

तुरीचंही असंच आहे. डिसेंबरमध्ये शेंगा भरताना तूर वाळली की सगळे "मर आली" म्हणतात. खोड चिरून बघा. आत तपकिरी-काळी रेघ असेल तर मर रोग. आतून खोड पांढरं स्वच्छ असेल तर ओल संपली. पहिल्यात मर सोसणारं वाण आणि फेरपालट, दुसऱ्यात बीडीएन ७११ सारखं लवकर येणारं वाण. दोन्हींना एकच उपाय करून चालत नाही.

सोयाबीनबद्दल थोडं कडवट बोलतो. भाव चांगला मिळाला की दोन वर्षांत ते माळावरही चढतं. ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप आपल्याकडं नवी नाही, आणि मुरमाड रानातलं सोयाबीन तेवढ्यात पापड्या (दाणा न भरलेल्या चपट्या शेंगा) धरून बसतं. खोल रानात त्याच उघडिपीत ते तग धरतं. भाव बाजारात ठरतो, पण पीक उभं राहणार की नाही ते तुमच्या टेपवरचा आकडा आधीच सांगतो.

माती परीक्षण केलंय, तरी कळत नाही?

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यावर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता (ईसी) आणि सेंद्रिय कर्ब. यात खोली नाही, चुनखडीही नाही. म्हणजे सोलापूरला ज्या दोन गोष्टी पीक ठरवतात त्याच तिच्यात नाहीत. शिवाय योजनेच्या सुरुवातीच्या फेरीत नमुना जिरायतीत १० हेक्टरला एक आणि बागायतीत अडीच हेक्टरला एक असा घेतलेला आहे. तो तुमच्या वाळणाऱ्या पट्ट्यातला असण्याची शक्यता कमीच. पत्रिका टाकून देऊ नका, पण त्या पट्ट्याचा नमुना वेगळा घ्या आणि प्रयोगशाळेत "मुक्त चुनखडी" वेगळी मागा.

नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याच्या किंवा विहिरीच्या जागेचा नको. इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, सात-आठ जागांची एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलोवर आणायची. फळबाग लावायची असेल तर एक-एक फुटाचे थर वेगळे, तीन फुटांपर्यंत. वरच्या विताचा अहवाल बघून डाळिंब लावलेल्यांना खाली काय आहे ते तिसऱ्या वर्षी कळतं.

पिवळेपणा: युरिया टाकायच्या आधी

पान नीट बघा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी किंवा पांढुरकी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोहाची कमतरता. खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी, तर नत्राची. पहिल्या प्रकारात युरिया टाकून फरक पडत नाही. उलट चुनखडीच्या रानात वरून फेकलेल्या युरियातला बराच नत्र हवेत उडून जातो.

आपल्याकडं सामू बहुतेक ठिकाणी आठच्या वर असतो. मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळं ते पिकाला उचलता येत नाही. तपासायला कोरड्या ढेकळावर पातळ आम्लाचे, नाहीतर घरच्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, जितकं जोरात तितकी जास्त. प्रयोगशाळेच्या कागदावर ती १० टक्क्यांच्या वर दिसली तर भुईमूग, सोयाबीन, लिंबू आणि उसाचा खोडवा हे पहिले पिवळे पडणारे. करडई, बोर, सीताफळ, चिंच त्यामानानं निर्धास्त.

यंदाचं पीक वाचवायला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळच्या वेळी, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. जमिनीतून द्यायचं तर एकरी १० किलो हिराकस दहापट शेणखतात आठवडाभर मुरवून द्या. नुसतं मातीत टाकलेलं हिराकस चुनखडी लगेच बांधून टाकते. दुकानात चिलेटेड लोह (पिकाला उचलता येईल असं बांधून ठेवलेलं) मागितलं की बहुधा ईडीटीए प्रकारचं हातात पडतं. ते फवारणीला ठीक, पण आठच्या वर सामू असलेल्या मातीत ड्रिपमधून सोडलं तर टिकत नाही. तिथं ईडीडीएचए प्रकारचं लागतं. ते महाग आहे, ज्वारीला परवडायचं नाही, द्राक्षाला परवडतं. आणि एक: सलग पावसात आलेला पिवळेपणा रान वाफशावर आलं की पुष्कळदा आपोआप कमी होतो. आठवडाभर थांबून मग पैसे खर्च करा.

पाणी तुंबणं आणि पांढरं फुटणं

उजनीचं धरण १९८० ला झालं. कॅनॉलचं पाणी आलं, त्यामागून ऊस आला, आणि भारी काळ्या जमिनीत निचरा नसताना भरपूर पाणी देत राहिल्यावर काही रानं खारवट झाली. इथं दोन रोगांचा घोळ होतो. खारवट जमिनीत उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, पण माती भुसभुशीत असते. चोपण जमीन ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी वरच उभं राहतं आणि डबक्याच्या कडेला काळपट तेलकट रंग दिसतो. घरी ओळखायचं तर काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घेऊन एक कोरडं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दोन-चार तासांनी पाणी गढूळ दुधासारखं झालं तर चोपण. ढेकूळ नुसतं विरघळून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर चोपण नाही.

फरक कशासाठी? खारवट जमिनीला जिप्सम टाकून उपयोग नाही, तिला चर काढून क्षार धुऊन बाहेर जायला वाट लागते. चोपणला जिप्सम लागतं, पण तेही प्रयोगशाळेनं काढलेल्या गरजेइतकं आणि निचऱ्याची सोय झाल्यावरच. मातीत आधीच भरपूर चुनखडी असेल तर गंधक वापरतात. ते मातीतल्या जिवाणूंमुळं हळूहळू आम्ल तयार करतं आणि तिथल्या चुनखडीतूनच जिप्सम बनतं. वेळ लागतो. दोन्हीकडं ताग-धैंचा गाडणं फायद्याचं, खारवटीत धैंचा जास्त चांगला येतो.

अहवालावरचा क्षारतेचा आकडा वाचताना एक गफलत होते. पुस्तकात "४ च्या वर क्षारयुक्त" असतं, आणि कागदावर दीड बघून माणूस निर्धास्त होतो. तो ४ चा आकडा मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचा. आपल्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. त्या पद्धतीत १ च्या आत ठीक, १ ते २ मध्ये उगवणीला त्रास, २ च्या पुढं हरभरा, मूग, उडीद, घेवडा, कांदा यांचा विचार सोडावा. कापूस, करडई, गहू त्यामानानं सोसतात. बोअरचं पाणीही एकदा तपासून घ्या, नाहीतर रान एकीकडून धुवायचं आणि दुसरीकडून मीठ घालायचं असं होतं.

फळबागेचं उलटं गणित

ज्वारीला हलकी ठरणारी जमीन डाळिंबाला चालते, किंबहुना तीच हवी असते. सांगोल्याच्या मुरमाड माळावर डाळिंब उभं राहिलं ते मुळाशी पाणी थांबत नाही म्हणून. तेच भगवा जातीचं डाळिंब कॅनॉलकाठच्या भारी काळ्या रानात लावलं की मर लागते. भारी मातीत खोल खड्डा घेऊन तो शेणखत-वाळूनं भरला तर खड्ड्यात चारी बाजूंचं पाणी झिरपून साचतं आणि मुळं त्यात कुजतात. भारी रानातच लावायचं असेल तर उंच गादीवाफा आणि बाजूला चर, आणि मुख्य म्हणजे ड्रिप बेतानं. कुठलीही फळबाग लावण्याआधी दोन फूट खोल खड्डा पाण्यानं भरून दुसऱ्या दिवशी बघा. चोवीस तासांनीही पाणी उभं असेल तर डाळिंब तिथं नको. सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन विचारता येतं, तिथं माती-पाण्याचा अहवाल घेऊन गेलात तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

डाळिंबालाही पुरेसं पाणी नसलेल्या माळावर सीताफळ आणि बोर. दोन्हींचा ताण सोसण्याचा स्वभाव आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचं एनएमके-१ सीताफळ आता राज्यभर गेलंय. फक्त सीताफळ काढणीनंतर टिकत नाही, त्यामुळं माल किती तासांत कुठल्या बाजारात जाईल ते लावण्याआधीच ठरवा.

वाट्यानं किंवा खंडानं केलेल्या रानात यातलं सगळं करू नका. चर, जिप्सम, गादीवाफे हा मालकाचा खर्च आहे, त्याच्याशी आधी बोलून घ्या. तुमच्या हातात वाण, पेरणीची तारीख आणि पट्ट्याप्रमाणं वेगळं पीक एवढं आहे. पाभरीच्या दोन फेऱ्या वेगळ्या बियाण्याच्या मारायला पैसा लागत नाही, पेरणाऱ्याला हद्द दाखवायला बांधावर उभं राहावं लागतं तेवढंच.